नेट ‘गेलं’ हे ठरवतं कोण?

रेंज फुल्ल दिसतेय, पण ‘कॅप’ राउंडचा ऑप्शन फॉर्म काही केल्या सबमिट होत नाही. कस्टमर केअरला फोन लावला, तर पलीकडून थंडपणे उत्तर येतं, ‘आमच्याकडे सगळं ओके दाखवतंय.’ गंमत म्हणजे अनेकदा तो माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या स्क्रीनवर खरंच सगळं हिरवं असतं. कारण नेट ‘गेलं’ असं कधी म्हणायचं, हे आधीच कुणीतरी एका आकड्यात बसवून ठेवलेलं असतं. त्या आकड्याला म्हणतात थ्रेशोल्ड.

मोठ्या नेटवर्कमधले राउटर ठरावीक वेळाने समोरच्या यंत्राला एक छोटा संदेश पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. उत्तर किती मिलिसेकंदांत यायला हवं आणि किती वेळा चुकलं की धोक्याची घंटा वाजवायची, हे इंजिनीअर ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख इथेच आहे.

समजा, दर मिनिटाला एक संदेश जातो आणि एकदा उत्तर चुकलं की घंटा वाजते. दिवसाला १४४० संदेश झाले. त्यातला एक टक्का हरवला तरी रोज चौदा घंटा! आठवड्याभरात ड्युटीवरचा माणूस त्यांच्याकडे बघणंच सोडून देतो. म्हणून मग नियम सैल होतो, सलग तीनदा चुकलं तरच घंटा. आता दीड मिनिटाचा खंड नोंदीतच येत नाही. आणि एकाआड एक संदेश हरवत असेल तर? निम्मा डेटा गायब, व्हिडिओ कॉलचा पार चुथडा, पण सलग तीनदा कधीच चुकलं नाही, म्हणून घंटा गप्प! यासाठीच ‘सलग किती’ आणि ‘एकूण किती’ अशा दोन्ही मर्यादा लावाव्या लागतात.

चुकीच्या वेळी घेतलेला असा निर्णय किती महागात पडतो, ते ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाने पाहिलं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे फेसबुकच्या डेटा सेंटर्सना जोडणारं अंतर्गत जाळंच तुटलं. कंपनीच्या डीएनएस सर्व्हरना नियम घालून दिला होता की, डेटा सेंटरशी बोलता आलं नाही, तर स्वतःला बिघडलेलं समजा आणि इंटरनेटवरून आपला पत्ता काढून घ्या. एखादा सर्व्हर बिघडला तर हा नियम शहाणपणाचाच. त्या दिवशी मात्र सगळ्याच सर्व्हरनी तो एकदम पाळला. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास गायब झाले.

आता आपल्याकडे बघू. ट्रायने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले. जिल्हा पातळीवर २४ तासांपेक्षा जास्त काळ सेवा बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव व्हॅलिडिटी द्यायची. नैसर्गिक आपत्ती आली, तर हा नियम लागू नाही. दर्जाचा निकष मोडला, तर दंडही ५० हजारांवरून एक लाखावर गेला. प्रकरण गंभीर असेल तर दहा लाखांपर्यंत. ग्राहकाच्या बाजूने पडलेलं हे पाऊल नक्कीच आहे. पण थ्रेशोल्डच्या चष्म्यातून बघा. गडचिरोलीतल्या एखाद्या गावाचा एकुलता एक टॉवर चार दिवस बंद पडला, तरी ‘जिल्हा’ चालूच असतो. आणि अख्ख्या जिल्ह्याची सेवा वीस तास बंद राहिली, तरी भरपाईच्या हिशोबात ती शून्यच. फॉर्मची शेवटची तारीख मात्र त्याच वीस तासांत निघून गेलेली असते.

सरासरीचा हा खेळ ट्रायला नवा नाही. पूर्वी कॉल ड्रॉपचं मोजमाप अख्ख्या सर्कलच्या सरासरीवर होतं. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. पुण्याच्या चांगल्या आकड्यांत एखाद्या दुर्गम तालुक्याचे वाईट आकडे सहज विरघळायचे. २०१७ मध्ये निकष बदलला. किमान ९० टक्के सेलनी किमान ९० टक्के दिवस कॉल ड्रॉप दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, असं ठरलं. म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजणं शक्य आहे. मग सेवा बंद पडल्याची भरपाई टॉवरनिहाय का नको?

कंपन्यांची अडचणही खरी आहे. केबल कुणीतरी खोदून तोडतं, वीज जाते. प्रत्येक मिनिटाची भरपाई द्यायची, तर खर्च शेवटी रिचार्जमध्येच येणार. पण जिल्हा आणि एक टॉवर, २४ तास आणि एक मिनिट, यांच्यामध्ये बरीच जागा आहे. ती रेषा कुठे ओढायची, हे ठरवताना ट्राय लोकांच्या सूचना मागवते. तिथे कंपन्यांची भलीमोठी उत्तरं जातात. विद्यार्थ्यांची किती जात असतील?

सुरुवात हॉस्टेलपासून करा. वाय-फायची तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच म्हणू नका. आठवडाभर पिंग चालवा. किती वाजता, किती टक्के पॅकेट हरवली आणि सलग किती, ते लिहून ठेवा. आणि मग रेक्टरना विचारा, आपल्या कंत्राटात ‘बंद’ची व्याख्या काय लिहिली आहे? दरमहा ९९ टक्के चालू असं लिहिलं असेल, तर महिन्यातले सात तास बंद राहायला तुम्ही आधीच होकार दिलेला आहे.