सत्तरीनंतरचा विमा आणि नोटरीची सही
घरात सत्तरी ओलांडलेले कुणी असेल, तर दोन कामे आजारपणाआधीच उरका.

पहिले, आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. जुना मधुमेह, रक्तदाब असला तरी पहिल्या दिवसापासून. मात्र योजनेतल्याच रुग्णालयात दाखल व्हावे लागते. रोजच्या गोळ्यांचा खर्च तुमचाच. त्यामुळे चालू असलेली खासगी पॉलिसी बंद करण्याची घाई करू नका.

दुसरे, लिव्हिंग विल. बरे होण्याची आशा उरली नाही, तर व्हेंटिलेटर लावायचा का, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानंतर त्यासाठी न्यायदंडाधिकारी लागत नाहीत. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी नोटरी घरी येतील का, विचारून पाहा. विम्यातून बिल भागेल. पण कागद नसेल तर निर्णयाचे ओझे मुलांवरच पडते.