आधी रंग विचारणारा

वडिलांची १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. पहिल्या गॅरेजवाल्याने "रंग कुठला देऊ?" असे विचारले आणि मी तिथेच भुललो. सहा महिन्यांत दाराखालची पुटी फुगून गळून पडली. आत पत्रा नव्हताच!

या गाडीला निराळी चासी नसते. तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पोकळ पेट्या हाच तिचा सांगाडा. तो कुजला की गाडी मधोमध बसते, दारे लागेनाशी होतात. आणि धडक बसलीच तर आतल्या माणसाला आधार कशाचा? म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गॅरेज निवडताना तिथल्या चकचकीत गाड्या पाहूच नयेत. अर्धवट कापलेली गाडी पाहावी. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडव्या नळ्या जोडून टेकू दिला आहे काय? वेल्डिंग सलग न ओढता थांबून थांबून, जागा बदलत टाके घातले आहेत काय? नाहीतर उष्णतेने पातळ पत्रा वाकतो.

दुसरा कारागीर फटकळ निघाला. चहासुद्धा विचारला नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरला, टोचत राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, रंगाचे पैसे आत्ता ठेवा खिशात."

गाडी त्याच्याकडेच आहे, अजून बिनरंगाची.