शाळेच्या दारातील घाई

जूनच्या मध्यास, विदर्भात महिनाअखेरीस, शाळा उघडतात आणि त्याच सुमारास पाऊसही दाखल होतो. ओला रस्ता, छत्रीआडून दिसेनासे झालेले वाहन आणि घंटेपूर्वी पोहोचण्याची धडपड हे सारे शाळेच्या दारात एकत्र येते. ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन सेकंदाला सुमारे ११ मीटर अंतर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढा रस्ता सरलेला असतो. वेग निम्मा केला, तर ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर एक चतुर्थांशावर येते. पादचारी व वाहने जिथे एकत्र येतात, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, हा २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याचा आग्रह म्हणूनच रास्त ठरतो.

महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ पासून नियमावली आहे. परंतु दारातील कोंडीत पालकांच्या दुचाकी व मोटारीही असतात, त्याचे काय? आपले मूल वेळेत पोहोचावे म्हणून दुसऱ्याचे मूल संकटात लोटणे, हे कसले वात्सल्य? प्रत्येक फाटकावर पोलीस उभा राहू शकत नाही. पालकांनी शंभर पावले अलीकडेच वाहन थांबवावे आणि मुलाचा हात धरून चालत जावे. नागरी शिस्तीचा पहिला धडा मूल तिथेच गिरवते.