डबा उघडा, पण डोकं लावून

मशीन मरत नाही. तिचा अॅडॉप्टर मरतो. आणि भंगारात जाते ती मशीन.

२००३ सालचा आयबीएमचा थिंकपॅड टी-४० घ्या. लिहायला-वाचायला आजही पुरेल. त्याचा अॅडॉप्टर १६ व्होल्टचा, ४.५ अँपिअरचा. २००६ च्या टी-६० पासून व्होल्ट २० झाले, पिनही बदलली. म्हणजे नंतरचा अॅडॉप्टर याला चालत नाही. जुना बंद पडला की दुकानदार म्हणतो, ‘फेका साहेब, याचं काही होत नाही.’

दोस्तांनो, काही होत नाही हे ठरवलं कुणी?

डब्याला स्क्रू नाही. दोन्ही कवचं कायमची चिकटवलेली. वर तंबी : उघडू नका. आत काय, देव बसलाय? घरातले २३० व्होल्ट एसी आत येतात. चार डायोड त्याचं डीसी करतात. मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. एक ट्रान्झिस्टर ते सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, छोटा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पलीकडे पुन्हा डीसी. संपली जादू!

आणि बिघडतं काय? पुष्कळदा पिनेजवळ वाकून वाकून तुटलेली वायर. नाहीतर आउटपुटचा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या पोटातलं द्रव उष्णतेनं आटतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असा कपॅसिटर सुटा मिळतो, चिल्लर पैशांत. चिल्लरपायी अख्खी मशीन उकिरड्यावर!

शहाणे म्हणतील, आत करंट आहे, पोरं मरतील. करंट आहेच. प्लग काढल्यावरही मोठा कपॅसिटर भरलेला राहू शकतो, जोरदार फटका देतो. पण भिंतीवरच्या स्विचबोर्डातही तेच २३० व्होल्ट असतात, आणि त्याला स्क्रू असतात. धोका डिंकाने टळत नाही, माहितीने टळतो. माहिती दडवायची आणि वर धोका दाखवायचा, हा साला जुना खेळ आहे.

म्हणून माहिती घ्या. प्लग काढा. सांधा व्हाइसमध्ये हळूहळू दाबा, तडकतो. पातं आत खुपसू नका. मोठा कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने दहा सेकंद उतरवा. क्लिपा इन्सुलेशनच्या हव्यात, हात लांब हवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून मर्दानगी दाखवू नका. मग मल्टिमीटर लावून खात्री करा. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा, लो-ईएसआर. पट्टी असते ती बाजू निगेटिव्ह. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब लावा. तो लखलखत राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद करा.

आणि ‘जुगाड’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनाही दोन शब्द. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार, ही दुरुस्ती नव्हे, आग लावायची तयारी. मेन्स आणि आउटपुट यांच्या मधला निळा वाय-कपॅसिटर काढून साधा ठोकला, तर लॅपटॉपला हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. गरिबाच्या घरात गरिबासारखंच काम चालेल, असं कुणी सांगितलं? आपलं काम पक्कं हवं. डबाही नीट चिकटवून बंद करा, सेलोटेप गुंडाळून नको.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल काढलं. चांगलं झालं. पण सर्किटचा नकाशा आणि सुटे भाग हातात नसतील, तर हक्क चाटायचा का? हाताने काम करणाऱ्याला खाली बसवायचं आणि नकाशा वरच्यांच्या कपाटात ठेवायचा, ही या देशाची जुनी खोड. तिचा वास या डब्यालाही येतो. सोल्डरिंग करणारा पोरगा ‘मेकॅनिक’, आणि न उघडणारा डबा बनवणारा ‘इंजिनिअर’!

तेव्हा मागायचं ते स्पष्ट मागा. डब्याला स्क्रू द्या. नकाशा छापा. सुटे भाग विका. आणि तोवर? वस्तीतल्या चार पोरांनी मिळून एक मल्टिमीटर घ्या, एक सोल्डरिंग गन घ्या. मेलेला अॅडॉप्टर टेबलावर ठेवा.

आता कळू द्या, काय काय होतं ते!