मागणी फोनला; आपली मागणी कोणती?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलच्या दुकानापुढे आयफोन १७ घेण्यासाठी तरुणांची रांग लागली होती. त्या रांगेत धक्काबुक्की झाली आणि सुरक्षारक्षकांना मध्ये पडावे लागले. टंचाईच्या काळात रेशनच्या दुकानापुढे अशी दृश्ये दिसत, असे जुनी माणसे सांगतात. इथे मात्र जिन्नस साखर-रॉकेल नव्हता. साध्या आयफोन १७ ची किंमत ८२,९०० रुपये होती आणि सर्वांत मोठ्या नमुन्याची १,४९,९०० पासून पुढे.

आमच्या कॅन्टीनमध्ये यावर आठवडाभर वाद रंगला. एक पक्ष म्हणे, "पैसा त्यांचा, हौस त्यांची, तुमच्या पोटात का दुखते?" दुसरा म्हणे, "ही निव्वळ चंगळ आहे. देशात एवढी बेकारी असताना दीड लाखाचा फोन?" कन्नड विभागातील मित्रही या वादात हिरिरीने उतरले होते, आणि निदान या एका विषयावर तरी पक्ष भाषेवरून पडले नाहीत, हे नमूद करण्याजोगे आहे. मला मात्र दोन्ही पक्ष पटले नाहीत. फोन घ्यावा की घेऊ नये यावर सारे घसा कोरडा करीत होते. घेताना काय मागून घ्यावे, हे कोणी बोलत नव्हते.

प्रथम चंगळवाद्यांना झोडपणाऱ्यांविषयी. वडीलधाऱ्यांनी नाक मुरडण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहावे. माझ्या आजोबांनी स्कूटरसाठी नाव नोंदवून सात वर्षे वाट पाहिली होती आणि ती दारात आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. घरी टेलिफोन यावा म्हणून अर्ज करून वर्षे मोजणारी घरे तर गावोगाव होती. त्या रांगेला कोणी चंगळ म्हटले नाही. शिवाय फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात वर्ग फोनवर भरत होते. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बसचे तिकीट, भाजीवाल्याचे पैसे, सारे त्यातूनच जाते-येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फ्रीडम २५१' या नावाने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची जाहिरात झाली, तेव्हा नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोसळले. ते प्रकरण पुढे पोलिसांपर्यंत गेले ती गोष्ट निराळी. पण अडीचशे रुपयांच्या फोनसाठी उड्या घालणारे ते लोक चंगळखोर होते असे कोण म्हणेल?

तरीही आजोबांच्या रांगेत आणि या रांगेत फरक आहेच. स्कूटर कमी तयार होत, कारण परवान्याशिवाय कारखान्याला उत्पादन वाढवता येत नसे. आज माल थोडा म्हणून रांग लागत नाही. २० सप्टेंबर २०२४ ला आयफोन १६ विक्रीस आला, त्याच दिवशी दूध-भाजी घरपोच देणाऱ्या कंपन्या काही शहरांत तो मिनिटांच्या हिशेबात घरी पोचवत होत्या. तरी दुकानापुढे रांग होतीच. तेव्हा ही रांग फोनसाठी नसून पहिल्या दिवसासाठी असते असे म्हणावे लागते.

पहिल्या दिवसाची किंमत काय असते, हे या फोनच्या जन्मकथेतच आहे. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीस आला. आठ जीबीच्या फोनला ५९९ डॉलर पडत. लोक फुटपाथवर झोपून रांगेत राहिले. ५ सप्टेंबरला तोच फोन ३९९ डॉलरला झाला. उण्यापुऱ्या दहा आठवड्यांत दोनशे डॉलर उतरले! ज्यांनी पहिल्या दिवशी घेतला होता त्यांनी एवढा आरडाओरडा केला, की दुसऱ्याच दिवशी स्टीव्ह जॉब्झ यांना जाहीर पत्र काढावे लागले आणि त्या ग्राहकांना शंभर डॉलरची सूट देऊ करावी लागली. रांगेत उभे राहून त्या लोकांना काही मिळाले नव्हते. मिळाले ते ओरडल्यावर. या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही.

आपल्या मराठीत 'मागणी' या शब्दाचे तीन अर्थ आहेत. अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर खाली उतरणारी रेषा काढतात ती एक मागणी. कामगार आणि विद्यार्थी निवेदनात लिहितात ती दुसरी. आणि मुलीला घालतात ती तिसरी. फोनच्या बाबतीत आपण पहिली आणि तिसरी तेवढी जाणतो. रूपरंग पाहून मागणी घालतो (या खेपेस तर नारिंगी रंगावरच उड्या होत्या), कॅमेऱ्याचे डोळे मोजतो, चार पाहुण्यांना दाखवतो. पुढे नांदणार किती वर्षे, हे विचारायचे राहूनच जाते. दुसऱ्या मागणीचे तर नावच नको.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे मामा खडेबाजारात मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान चालवतात आणि कॉलेज सुटल्यावर मी तिथे बसतो. फोनच्या जाहिराती ज्या दिवशी संपतात त्या दिवसापासून आमचे काम सुरू होते. रोज येणारे रोगी ठरलेले: फुटलेला डिस्प्ले (आमच्या धंद्यात त्याला कॉम्बो म्हणतात), ढिली झालेली चार्जिंगची पिन, फुगलेली बॅटरी. पूर्वी फोनची पाठ नखाने उघडत असे आणि बॅटरी गिऱ्हाईक स्वतः बदलत असे. आता पाठ डिंकाने चिकटवलेली असते. हीट गनने ती तापवायची, पातळ पट्टी घालून जपून सोडवायची, आणि एवढ्यात काच तडकली तर नुकसान आमचे. तीन-चार वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मूळ कंपनीचा कॉम्बो मागवला तर पुष्कळदा 'स्टॉक नाही' असे उत्तर येते. मग उरते ती कॉपी. कॉपीत ऊन पडले की अक्षर दिसत नाही, आणि गिऱ्हाईक आमच्या नावाने खडे फोडते. आयफोनमध्ये तर २०१९ सालच्या ११ व्या नमुन्यापासून बाहेरचा डिस्प्ले बसवला की फोनच पडद्यावर सूचना देतो, की हा भाग अस्सल असल्याची खात्री पटत नाही. मामांनी उमेदीची वर्षे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली. ते म्हणतात, "रेडिओनं कधी अशी चुगली केली नव्हती बघ!"

यात कंपन्यांचीही बाजू आहे, हे मी मान्य करतो. चिकटवलेल्या फोनमध्ये पाणी शिरत नाही, आणि नकली बॅटरी पेट घेऊ शकते. परंतु अस्सल भाग वाजवी किमतीत दिला तर नकली कोण घेईल? ज्याने पाणी घरात आणण्याची वाट बंद केली त्यानेच 'डबक्यातले का पिता?' म्हणून विचारावे, तसा हा प्रकार झाला.

त्याहून अवघड रोग दिसतच नाही. मागच्या दिवाळीपूर्वी शहापूरच्या एक मावशी आल्या. फोन पाचेक वर्षांचा, पण एक ओरखडा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपलेला. म्हणाल्या, "फोन चांगला हाय की रे बाळ, बॅटरी बी टिकतीया. मग पैसे का जाईनात?" पैसे जात नव्हते, कारण बँकेच्या ॲपला त्याहून नवे अँड्रॉइड हवे होते, आणि फोन बनवणाऱ्याने त्या मॉडेलला अपडेट देणे केव्हाच बंद केले होते. त्यांचा फोन बिघडलेला नव्हता. दुसऱ्या कोणी तरी तो म्हातारा ठरवला होता. मामांनी पैसे घेतले नाहीत. घेणार तरी कशाचे?

आता कोणी म्हणेल, तंत्रज्ञान पुढे जाणारच. आपण हात जोडून काय होणार? हात जोडून काही होत नाही, हे खरे. २०१७ च्या डिसेंबरात लोकांनी जुन्या आयफोनांचा वेग मोजून दाखवला, तेव्हा ॲपलने मान्य केले, की बॅटरी जुनी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून त्याचा वेग सॉफ्टवेअरने कमी केला जात होता. ग्राहकाला हे सांगितलेले नव्हते. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये तिला अडीच कोटी युरो दंड झाला. पुढे गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या गॅलॅक्सी एस २४ ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. हे कंपन्यांना स्वप्न पडून झाले नाही. युरोपीय संघात तर २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला: नमुन्याची विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षे अपडेट, सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के टिकणारी बॅटरी. जी वस्तू तिथल्या ग्राहकाला टिकाऊ करून देता येते, ती इथल्या ग्राहकाला देता येत नाही, असे म्हणण्यास जागा उरत नाही.

आमच्या वर्गात यंदा निम्म्याहून अधिक फोन हप्त्यावर आलेले आहेत. संध्याकाळी कुरिअरचे काम करणारा खानापूरकडचा माझा एक मित्र चोवीस महिने हप्ता भरणार आहे. "बिनव्याजी आहे रे," म्हणाला. त्याला मी सांगितले, की खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना लेखी कळवले आहे, की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत लपलेले असते. त्याने ते हसण्यावारी नेले. व्याजाचे राहू द्या. हप्ता किती महिने आणि अपडेट किती महिने, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून पाहण्याचे काम बी. कॉम. च्या विद्यार्थ्याने करायचे नाही तर कोणी?

पहिल्या दिवसाच्या या घाईचा हिशेब आणखी एका ठिकाणी द्यावा लागतो, तो कारखान्यात. आयफोन आता कर्नाटकातही तयार होतात. कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी रात्रपाळी सुटताना कामगारांचा उद्रेक झाला आणि मोठी मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन मी करीत नाही. परंतु सरकारी पाहणीत असे आढळले, की थोड्याच काळात कामगारांची संख्या पाच हजारांवरून दहा हजारांच्या वर नेली गेली आणि पगार व जादा कामाचा हिशेब ठेवणारी यंत्रणा तेवढी वाढवली नाही. काही कामगारांना पगार नीट मिळाला नाही, हे कंपनीनेही कबूल केले, आणि ॲपलने तिला काही काळ नवे काम देणे थांबवले. २०२३ मध्ये तो कारखाना टाटांकडे आला. त्या रात्रपाळीत आपल्याच वयाची मुले होती. कॅन्टीनमधल्या वादात त्यांची आठवण ना एका पक्षाला झाली, ना दुसऱ्या.

मराठी माणसाला ग्राहकाची संघटना नवी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि घराघरांनी एकत्र येऊन महिन्याचा किराणा मागवण्याचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, त्यामागे अशा मंडळींचे श्रम होते. त्याच तारखेला, २०२२ साली, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये एका सरकारी समितीने अहवाल दिला, की वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे हे सांगणारा अंक दुकानात व वेष्टनावर ग्राहकाला दिसावा. अहवाल चांगला आहे. पण अहवाल पुढे सरकतो तो कोणी त्याच्या मागे लागले तर.

म्हणून कॉमर्स विभागापुढे मी एक साधी योजना ठेवतो. ग्राहक मंडळाची खोली शनिवारी दुपारी उघडी असावी. फोन घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारायचे चार प्रश्न एका पत्रकावर छापावेत: सुरक्षेचे अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, बॅटरी बदलण्यास किती खर्च, बेळगावात अधिकृत दुरुस्ती कोठे, आणि सुटे भाग किती वर्षे मिळणार. उत्तरे लेखी घ्यावीत. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, हेही त्याच पत्रकावर असावे. शनिवारी मामांचे दुकान चारपर्यंत माझ्याविना चालते. त्या वेळी मी बसावयास तयार आहे. दोन्ही विभागांच्या संपादकांना माझी विनंती, की हे पत्रक मराठीत आणि कन्नडमध्ये, एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापावे.