जो वाहणार, त्यानें निवडावें

आमच्या परिचयांतील एका गृहस्थांनीं कन्येस नोकरी लागतांच मोठ्या कौतुकानें लॅपटॉप घेऊन दिला. पडदा १५.६ इंचांचा, वजन सव्वादोन किलो. ‘त्याच पैशांत मोठा मिळाला,’ याचें त्यांस समाधान होतें. कन्या मात्र डोंबिवलीहून लोकलनें उभ्यानें प्रवास करणारी! दोन महिन्यांत तिचा खांदा भरून आला. आतां तें यंत्र घरींच मेजावर असतें.

असा प्रसंग टाळावयाचा, तर आकार, वजन व शक्ति या तीन गोष्टींचा मेळ आधीं घातला पाहिजे.

इ. स. १९८१ मधील ऑस्बोर्न १ हा संगणक सुमारें ११ किलो वजनाचा असूनही सोबत नेण्याजोगा म्हणून विकला जाई. २००८ सालीं मॅकबुक एअर १.३६ किलोचा निघाला. आज किलोच्या आंतलेही मिळतात. परंतु हलकेपणा फुकट येत नाहीं. त्यासाठीं पैसे तरी अधिक पडतात, नाहीं तर बॅटरी लहान होते.

पडद्याचें माप कर्णावर घेतात. प्रवास करणारास १३ ते १४ इंच पुरेसे होतात. त्यांतही १६:९ पेक्षां १६:१० प्रमाणाचा पडदा उंच असल्यानें पत्राच्या अधिक ओळी एकदम दिसतात. दिवसभर हिशेबाचे तक्ते पाहणारानें मोठा पडदा घ्यावा, पण तो रोज वाहूं नये.

वजन पाहतांना चार्जरही तोलावा. यूएसबी-सी पद्धतीचा एकच लहान चार्जर यंत्रास व फोनास चालला, तर तेवढें ओझें वांचतें.

शक्ति दोन प्रकारची. बॅटरीची शक्ति वॉट-तासांत मोजतात: ५६ वॉट-तासांची बॅटरी असून काम सरासरी ८ वॉट घेत असेल, तर ती ७ तास पुरेल. पडदा प्रखर ठेवल्यास त्याहून कमी. दुसरी शक्ति काम उरकण्याची. पातळ यंत्र तापलें म्हणजे आपला वेग आपणच कमी करतें. पत्रव्यवहार, हिशेब व दूरस्थ सभा यांस तें पुरतें. चित्रफितींचें संपादन तासन् तास करणारास पुरत नाहीं.

एक सूचना विशेष महत्त्वाची. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम कायमची जोडलेली असते. मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून प्रथमच १६ जीबी घ्यावी. येथें केलेली काटकसर पुढें नवें यंत्र घेण्यास लावते.

आणि दुकानांत जातांना रोजची पिशवी डबा, छत्री, पाण्याची बाटली यांसह न्यावी. यंत्र तींत घालून ती खांद्यावर अडकवावी व दहा मिनिटें उभें राहावें. पैसे वडिलांचे असले, तरी खांदा मुलीचा आहे. शेवटचा शब्द तिचाच असूं द्यावा.