माहेरवाशीण आणि वारस



'मुलीचा जमिनीवरचा हक्क' हा या अंकाचा विषय ठरला, तेव्हा अंक कायद्याच्या कलमांनी भरणार असे बऱ्याच जणींना वाटले. कायद्याची माहिती असायलाच हवी. पण पनवेल तालुक्यातल्या गावांमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करताना जे दिसत आले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की मुलीचा हक्क दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सुटत नाही. तिथे फक्त सही होते. त्याआधी कितीतरी दिवस, घरातल्या साध्यासुध्या बोलण्यावागण्यात तो सुटत आलेला असतो. म्हणून या वेळी कलमांपेक्षा बोलण्यावागण्याविषयी जास्त लिहिते आहे.

पनवेलमध्ये या प्रश्नाला धार येण्याचे कारण सर्वांना माहीत आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. मग विमानतळ आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटनही झाले. 'नैना'चे आराखडे आले, नवे रस्ते आले. ज्या खाचरात वर्षाचे भात पिकायचे, तिचा भाव गुंठ्यावर बोलला जाऊ लागला.

जमीन नुसती कसायची होती तोवर बहिणीच्या सहीची कोणाला फारशी गरज पडत नव्हती. मोबदला, भूखंड, विकसकाशी करार हे सुरू झाल्यावर मात्र प्रत्येक ठिकाणी वारस कोण, हा प्रश्न आला आणि सर्व वारसांच्या सह्या लागू लागल्या. जिला आजवर कोणी काही विचारले नव्हते, तिच्या दारात भाऊ येऊन बसू लागले. वाटणीबद्दल विचारायला येणारे थोडे, हक्कसोडपत्रावर सही घ्यायला येणारे पुष्कळ.

कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस झाली. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही मुलीला जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या बहिणींची बाजू वेगळी आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी कुटुंबाच्या दाव्यात, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर त्यांनाही समान वाटा मिळाला पाहिजे, असा निकाल दिला. मुस्लिम कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे. कायदे वेगवेगळे आहेत, पण सहीसाठी आलेल्या भावाचे बोलणे सगळीकडे सारखेच ऐकू येते.

म्हणजे कागदावर मुलीचा दर्जा बदलून बराच काळ लोटला. बदलली नाही ती तिची भूमिका. समाजशास्त्रात या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. दर्जा म्हणजे माणसाला मिळालेली जागा, आणि भूमिका म्हणजे त्या जागेवर बसलेल्या माणसाने कसे वागावे याची इतरांची अपेक्षा. कायद्याने मुलीला 'वारस' ही जागा दिली. घरात तिच्याकडून अपेक्षा मात्र 'माहेरवाशिणी'चीच आहे.

माहेरवाशीण ही आपल्या समाजातली फार लाडकी भूमिका आहे. तिने सणाला यावे, चार दिवस राहावे, भाऊबीजेला ओवाळावे, साडी घ्यावी आणि जाताना उंबरठ्यावर डोळे पुसावेत. तिचे कौतुक होते, तिच्या आवडीचे कालवण होते. पण या लाडाला एक अट आहे: तिने मागायचे नाही. जे मिळेल ते भावाच्या प्रेमाने मिळाले असे मानायचे. वारसाला मात्र कोणाच्या प्रेमाची वाट पाहावी लागत नाही, त्याचे ते असतेच. एकाच बाईने एकाच घरात या दोन्ही भूमिका एका वेळी करायच्या म्हटल्या की घरातल्या सगळ्यांचीच पंचाईत होते, तिची स्वतःचीसुद्धा.

म्हणूनच शब्द लगेच बदलतात. सही देणारी ती 'गुणाची', 'समजूतदार', 'आमची बाय'. थोडा विचार करते म्हणणारी ती 'नवऱ्याच्या सांगण्यावरून वागणारी'. नकार देणारी ती 'हिस्सेवाली'. भाऊ वाटणी करून घेतो तेव्हा त्याला कोणी हिस्सेवाला म्हणत नाही. आपल्याही तोंडी 'हिस्सा मागितला' असेच येते. जे कायद्याने आपले आहेच ते मागायचे कसे? मुलाच्या बाबतीत आपण 'नाव लागले' म्हणतो. मुलीच्याही बाबतीत तेच म्हणू या.

आता सही कशी घेतली जाते ते पाहा. भाऊ एकटा क्वचित येतो. त्याच्याबरोबर चुलता असतो, मामा असतो, गावातला कोणी मानाचा माणूस असतो. बहिणी मात्र एकेकट्या गाठल्या जातात, प्रत्येक जण आपापल्या सासरी. सुरुवात बहुधा जिची परिस्थिती नाजूक, जिला माहेरचा आधार सर्वांत जास्त लागतो, तिच्यापासून होते. तिने केली की पुढचीला सांगायला सोपे, "तिनं केली, मग तुलाच काय अडचण?" आणि शेवटची उरते ती साऱ्या घराच्या आड आलेली ठरते. एका बाजूला गट आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई, असे बोलणे कधीच बरोबरीचे होत नाही. आवाज चढवावाच लागतो असेही नाही. "तुला काय कमी हाय, बाय?" एवढा एक प्रश्न पुरतो, कारण त्याचे उत्तर देताना तिला एक तर सासरची गरिबी उघडी करावी लागते, नाही तर गप्प बसावे लागते.

मग कार्यालय. तिथे भावाशी बोलणे होते, तिला फक्त बोट दाखवून जागा सांगितली जाते, "ताई, इथे सही, इथे अंगठा." दस्तात छापील वाक्य असते की हा लेख राजीखुशीने, अक्कलहुशारीने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून दिला आहे. दस्त मान्य आहे का, असे विचारले जाते तेव्हा भाऊ शेजारी उभा असतो आणि परत जायची गाडीही त्याचीच असते. ती 'हो' म्हणते. कायद्याला त्या एका शब्दापलीकडचे काही दिसत नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क मोबदला न घेता रक्ताच्या नात्यात सोडला तर मुद्रांक शुल्कही नाममात्र आहे. बहिणीने फुकट सोडावे, याची सोय सरकारी व्यवस्थेतही करून ठेवलेली आहे.

सातबारा उतारा काढून वाचण्याची सवय प्रत्येक गटाने लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगते. गावोगावच्या जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाचे नाव 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून लागलेले सापडते आणि बाकीची भावंडे त्याच्या नावामागे अदृश्य झालेली असतात. जिथे वारस म्हणून सगळ्यांची नोंद झाली, तिथेही मुलगे कब्जेदारांच्या रकान्यात आणि मुली 'इतर अधिकार' या रकान्यात, असे कित्येक उतारे आहेत. घरात पाहुणे आले की पुरुष ओटीवर आणि बायका चुलीकडे बसतात, तीच रचना कागदावर उतरलेली आहे. मात्र महसुली नोंदीने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही. नाव चुकीच्या रकान्यात असले किंवा नसलेच, म्हणून हक्क संपत नाही, हे लक्षात असू द्यावे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बायका सांगतात, "जमीन घेऊन काय करू? माहेर तुटलं तर रात्री-अपरात्री जाऊ कुठं?" हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे. सासरी मारहाण झाली, नवरा गेला, घराबाहेर काढले, तर बहुतेक बाईपुढे माहेर हा एकच दरवाजा असतो. तो उघडा राहावा म्हणून ती सही देते. तिच्या दृष्टीने हक्कसोड हा विम्याचा हप्ता आहे. प्रश्न एवढाच की हा विमा वेळेवर मिळतो का? सही देऊन मोकळ्या झालेल्या आणि नंतर पोरे घेऊन परत आलेल्या बायका आमच्या बैठकांना येतात. आठ दिवस माहेरवाशीण, महिन्याने पाहुणी आणि सहा महिन्यांनी ओझे, असा त्यांचा प्रवास त्या सांगतात. भावाच्या मनात आले तर दार उघडे, नाही तर बंद. ज्या घरावर आपले नाव आहे तिथे मात्र कोणी पाहुणी म्हणू शकत नाही.

"बायकाच बायकांच्या शत्रू असतात, वहिनीच सगळं घडवून आणते," हे वाक्यही नेहमी ऐकू येते. गटात बसून पाहिले तर वेगळे दिसते. एकीच्या नणंदेने सही नाकारली म्हणून ती बैठकीत संतापून बोलते, "आम्ही सासू-सासऱ्यांचं केलं आणि आता ही आली!" तिच्या बोलण्यात खरेपणा असतो, कारण सासऱ्यांचे आजारपण तिनेच काढलेले असते. पुढच्या बैठकीत तिच्या स्वतःच्या माहेरचा कागद येतो आणि तीच बाई म्हणते, "मला विचारलंसुद्धा नाही." स्वभाव तोच, बाई तीच, पहिल्या वेळी ती वहिनी म्हणून बोलत होती आणि दुसऱ्या वेळी नणंद म्हणून. आपल्यापैकी बहुतेक जणी एका घरी वहिनी आणि दुसऱ्या घरी नणंद आहोत. या दोन्ही घरांचा हिशेब एकत्र मांडला की भांडण बायकाबायकांचे राहत नाही. वहिनीने केलेल्या सेवेची किंमत नवऱ्याच्या वाट्यातून तिच्या नावावर व्हायला हवी, ती नणंदेच्या वाट्यातून वसूल होता कामा नये. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. तिथे नवऱ्याने बायकोला दिले आणि त्याचे कौतुक झाले. बहिणीचे नाव लावण्यात देणारा कोणी नसतो, म्हणून कौतुकही होत नाही. दोन्ही गोष्टी व्हायला हव्यात.

भूमिका काही देवाने ठरवून दिलेल्या नाहीत. आपल्या आगरी समाजाचेच पाहा. लग्नात धवलारीण धवले गाते, विधी तिच्या सांगण्याने पुढे सरकतात आणि घरातले कर्ते पुरुष ती सांगेल तसे करतात. बाईच्या शब्दाला मान द्यायची रीत इथे आहेच. मंडपात चालते ती वाटणीच्या बैठकीत का चालू नये, एवढेच विचारायचे आहे.

मग करायचे काय? पहिले, कागद येण्याआधी बहिणींनी एकत्र बसावे. निर्णय वेगवेगळा झाला तरी चालेल, पण तो एकमेकींना माहीत असावा. दुसरे, दस्ताचा मसुदा घरी आणून गटात मोठ्याने वाचून घ्यावा. ज्या दिवशी कागद दाखवला त्याच दिवशी सही, हे कोणीच मान्य करू नये. तिसरे, 'सगळे द्या' आणि 'सगळे सोडा' यांच्या मध्ये बऱ्याच वाटा आहेत: भूखंडावर संयुक्त नाव, मोबदल्यातला ठरावीक भाग, माहेरच्या घरात कायमचा राहण्याचा हक्क. जे ठरेल ते नोंदणीकृत कागदावर यावे, कारण तोंडी वचन भाऊ असेतोवर टिकते, भाच्यांना ते माहीतही नसते. चौथे, लग्नात खर्च केला म्हणजे वाटा दिला, हे ऐकून घेऊ नये. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे आणि मानपान म्हणजे वारसा नव्हे. पाचवे, बोलणी करायला भावाकडची चार माणसे येणार असतील तर बहिणीकडच्याही चार जणी हजर असाव्यात. गट त्यासाठीच आहे, नुसत्या बचतीच्या हप्त्यासाठी नाही.

आणि एखादीने सगळा विचार करून, माहिती घेऊन, तरीही सही दिली तर तिला गटात कमी लेखू नये. एका भूमिकेच्या ओझ्यातून सोडवायला निघालेल्या आपण तिच्यावर 'लढाऊ बाई'ची दुसरी भूमिका लादणार असू, तर तिच्या भावकीत आणि आपल्यात फरक तो काय राहिला? तिला विचार करायला वेळ मिळाला का आणि ती 'नाही' म्हणाली असती तर तिच्या पाठीशी कोणी होते का, हे दोन प्रश्न आपण स्वतःला विचारायचे.

येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या सभासदांच्या माहेरचे आणि सासरचे सातबारा उतारे काढावेत आणि कोणाचे नाव कुठल्या रकान्यात आहे याची यादी करावी, असे ठरले आहे. कोणाची नावे छापायची नाहीत. कब्जेदारांत किती जणी, 'इतर अधिकारा'त किती आणि कुठेच नसलेल्या किती, एवढे तीन आकडे गटवार कळवा. पुढच्या अंकात ते मांडू.